पाहुण्यांच्या खुर्चीवरून दिसणारं घर

घरकुलात छताला पीओपीची नक्षी करावी का, हा वाद आपल्याकडे साधारणपणे वास्तुशांतीचं जेवण झाल्यावर, चपला शोधता शोधता सुरू होतो. "सरकारनं दिले लाख-सव्वा लाख आणि यांनी छतालाच पैसा लावला," असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, "हौसेला मोल नसतं." मग पहिला उसनवारीचे आणि सावकाराचे दाखले देतो, आणि दुसरा सुनावतो, "तुमच्या घरात असलं की चालतं, आमच्याच घरात खुपतं का?" परभणीच्या खेड्यातलं घरकुल असो की छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतला फ्लॅट, रकमा बदलतात, वाद तोच राहतो. मला वाटतं, हे दोन्ही पक्ष एकाच जागी उभे राहून भांडतात. दोघेही घराकडे पाहुण्यांच्या खुर्चीवरून बघतात. तिथून एकाला उधळपट्टी दिसते, दुसऱ्याला इभ्रत. त्या घरात दिवसरात्र राहणाऱ्यांच्या डोळ्यांचं, घामाचं आणि कंबरेचं काय होतं, हे दोघांच्याही हिशेबात नाही. कमी पैशात घर देखणं होतं का, या प्रश्नाचं उत्तर त्या खुर्चीवरून उठल्याशिवाय सापडत नाही. उठलं, की त्यातला बराचसा प्रश्न उरतच नाही.

आधी हौसेच्या पक्षाचं म्हणणं ऐकून घेऊ, कारण त्यात वजन आहे. साधेपणाचं कौतुक करणारे बहुतेक लोक पक्क्या घरात जन्मलेले असतात. शेणानं सारवलेली जमीन, कुडाच्या भिंती, कंदिलाचा उजेड यांचं सौंदर्य त्यांनी मामाच्या गावी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहिलेलं असतं. ज्या बाईनं आठवड्यातून दोनदा गुडघ्यावर बसून ती जमीन सारवली, तिला पहिल्यांदा फरशी मिळाल्यावर जे वाटतं, त्याला दिखाऊपणा म्हणणं हा शुद्ध कोडगेपणा आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तर पक्कं घर ही केवळ सोय नव्हती. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या प्रश्नावर मराठवाड्यात दंगली झाल्या, तेव्हा दलित वस्त्यांमधली घरं जाळली गेली. ज्यांच्या आईबापांनी ती राख पाहिली, त्यांनी सिमेंटचं घर बांधून त्याला गडद निळा रंग दिला आणि दारावर चकचकीत टाइल बसवली, तर त्यांना 'अभिरुची' शिकवायला कुणी जाऊ नये. मीही जाणार नाही.

माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांची, आठवण काढून गहिवरणाऱ्यांना तर एक तारीख कायम सांगावी लागते: ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-धाराशिवच्या गावांमध्ये हजारो माणसं आपापल्या घरांखाली गाडली गेली. माती-दगडाच्या जाडजूड भिंती, आणि वर दर पावसाळ्याआधी नवी माती टाकत गेल्यानं वर्षानुवर्षं जड झालेलं माळवद. उन्हाळ्यात जे घर थंड ठेवत होतं, त्याच वजनानं माणसं चिरडली. त्यानंतर लोकांनी दगडाचा धसका घेतला आणि सिमेंट मागितलं, यात चुकलं काय? तेव्हा "आपले जुने वाडे किती सुंदर होते" हा युक्तिवाद मराठवाड्यात तरी अर्ध्यावर थांबतो. सुंदर होते, हे खरं. बिनधोक नव्हते, हेही खरं.

पण किल्लारीची गोष्ट इथे संपत नाही. तिचा पुढचा भाग या वादात कुणी सांगत नाही. भूकंपानंतर कितीतरी गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं, एकसारखा रंग. त्या घरांना धोका नव्हता, पण घरपणही नव्हतं. ते लोकांनी आणलं. कुणी पुढे ओटा बांधला, कुणी पत्र्याची पडवी काढली, कुणी दारात तुळस आणि मागे कडुनिंब लावला, कुणी दगडी उखळ जुन्या गावाहून उचलून आणून अंगणात मांडलं. यातलं काहीही महाग नव्हतं आणि काहीही पाहुण्यांसाठी नव्हतं. ओटा हवा होता कारण संध्याकाळी बसायला जागा नव्हती, पडवी हवी होती कारण ऊन थेट दारात यायचं. सजावट गरजेच्या मागोमाग आली आणि म्हणून ती त्या घरांना शोभली. आपण आज नेमकं उलट करतो. सजावट आधी ठरवतो, ती दुसऱ्याच्या हॉलमध्ये पाहून ठरवतो, आणि गरज उरलेल्या पैशांत कोंबतो.

हॉल हा शब्द आलाच आहे तर तिथेच थांबू. बेताच्या मिळकतीचं कुठलंही नवं घर बघा. सजावटीचा बराचसा खर्च पहिल्या खोलीवर झालेला असतो: छताला पीओपीची नक्षी, त्यात लाल-निळ्या एलईडी पट्ट्या, टीव्हीच्या मागे लॅमिनेटची भिंत, काचेचं शोकेस, त्यात लग्नात आलेला कपांचा सेट जो कधी वापरायचा नसतो. आणि स्वयंपाकघर? एक खिडकी, तीही भांड्यांच्या मांडणीनं अडवलेली. ओट्यावर स्वतःचीच सावली पडेल असा मागच्या भिंतीवर लावलेला एकच दिवा. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीनं ठरलेली, कारण कुणी विचारलंच नाही. घरातली बाई दिवसातले पाच-सहा तास तिथे उभी असते, आणि हॉलमधला सोफा दिवाळीपर्यंत चादरीखाली झाकलेला असतो. या व्यवस्थेला उधळपट्टी म्हणणारे फक्त रकमेवर बोट ठेवतात. मला रकमेपेक्षा तिची दिशा खटकते. तेवढेच पैसे, किंबहुना त्याहून कमी, जिथे तास जातात तिथे लावले असते, तर तेच घर शहाण्या माणसाचं वाटलं असतं.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण २७० चौरस फूट, आणि सपाट प्रदेशासाठी केंद्र आणि राज्य मिळून देतात ते मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. एवढ्या जागेत पीओपीचं खालचं छत म्हणजे आधीच बेताच्या असलेल्या उंचीतली वीत-अर्धी वीत कमी करणं. त्याच्या बाजूनं एक खरा मुद्दा मांडला जातो: स्लॅब आणि छत यांच्यात हवेची पोकळी राहिली की उकाडा थोडा कमी होतो. होतो, हे मान्य. पण ऊन स्लॅबमध्ये शिरल्यावर त्याला अडवण्यापेक्षा ते वरच्या वर परतवणं शहाणपणाचं नाही का? गच्चीला उन्हाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या चुन्याचे दोन-तीन हात दिले, की उन्हाचा मोठा हिस्सा तिथूनच परततो. त्याचा खर्च चुन्याचा आणि एका सकाळच्या मजुरीचा. हे गच्चीवर असल्यानं पाहुण्यांना दिसत नाही, एवढीच त्याची अडचण.

इथे एक जुना दाखला देतो, कारण हा वाद संभाजीनगरच्या माणसाला रोज डोळ्यांसमोर दिसतो. बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही सतराव्या शतकातली कबर ताजमहालाचा आराखडा समोर ठेवून बांधली गेली, पण पैसा ताजच्या मानानं अगदीच थोडा मिळाला. म्हणून संगमरवर खाली कमरेएवढ्या पट्ट्यात आणि वर घुमटाला, आणि मधला सगळा भाग इथल्याच काळ्या दगडाचा, वरून चुन्याचा गुळगुळीत गिलावा. लोक तिला 'गरिबाचा ताज' म्हणून हिणवत आले आहेत. ज्याचा आराखडा घेतला त्याच्याशी तुलना होणारच. नक्कल करणाऱ्याच्या नशिबी हेच येतं. पण कधी ताज विसरून त्या गिलाव्याजवळ जाऊन बघा. चुन्यात उमटवलेली वेलबुट्टी, तिच्या कडांवर पडणारं संध्याकाळचं ऊन, हे काम कुणाचीही नक्कल नाही. जिथे ऐपत नव्हती तिथे कारागिरानं हातात होतं त्या चुन्याचं सोनं केलं. मकबरा फसतो तो संगमरवराची हौस दाखवतो तिथे, आणि जिंकतो तो चुन्यापाशी. लॅमिनेटवर छापलेला सागवान आणि प्लास्टिकच्या पट्टीवर छापलेला संगमरवर बघताना मला दर वेळी हे आठवतं. खोटा सागवान खऱ्या सागवानाची आठवण करून देतो, आणि मग डोळ्यांत भरते ती आपली ऐपत. साध्या पांढऱ्या भिंतीला ऐपत विचारायला कोण जातं?

दुसरा दाखला त्याच जिल्ह्यातला, आणि तो जास्त उपयोगी आहे. अजिंठ्याची चित्रं बघायला जग येतं. ती कशावर काढली आहेत? खडबडीत दगडावर माती, तूस आणि गवताचे तंतू मिसळून दिलेला लेप, आणि त्यावर चुन्याचा पातळ हात. म्हणजे आपल्या आजीनं गोठ्याच्या भिंतीला जे लिंपण केलं, त्याचाच हा सख्खा भाऊ. रंगही आसपासचे: तांबडी काव, पिवळी काव, हिरवी माती, काजळी, चुना. एक रंग मात्र लांबून आणला होता, तो म्हणजे लाजवर्द दगडाचा निळा, अफगाणिस्तानाकडच्या डोंगरांतून आलेला. तो महाग होता, म्हणून भिंती निळ्या करून टाकलेल्या दिसत नाहीत. निवडक ठिकाणी त्याचा हात फिरला आहे आणि म्हणूनच तो लक्षात राहतो. कमी पैशात घर सजवण्याचं याहून नेमकं तंत्र मला ठाऊक नाही: सगळं स्थानिक आणि साधं, आणि एकच गोष्ट जीव ओतून निवडलेली. अजिंठ्याच्या चित्रकाराकडे लाजवर्द पोतं भरून असता, तर त्यानंही कदाचित आपल्या हॉलसारखं केलं असतं.

ती एक गोष्ट कुठली असावी, हे ज्याचं त्यानं ठरवावं. कुणाला औरंगाबादी हिमरूचा, म्हणजे रेशीम-सुती नक्षीदार कापडाचा, हातभर तुकडा उशीच्या अभ्र्यासाठी परवडेल. संपूर्ण सोफ्याला हिमरू कुणी लावू नये, आणि लावणाऱ्याला तो शोभणारही नाही. कुणी तांड्यावरच्या बंजारा बाईकडून आरशाकाचांचा, कवड्यांचा भरतकामाचा पट्टा घेईल आणि दारावर लावेल. कुणाकडे आजीची पितळी घागर असेल, जी सध्या माळ्यावर हिरवी पडत चालली आहे आणि मोडीत जायची वाट बघते आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात अजून हातकागद बनतो. त्याचा एक ताव आणि त्यावर मुलांपैकी कुणाच्या तरी हातचं चित्र, साध्या लाकडी चौकटीत, बाजारातल्या धबधब्याच्या फ्रेमपेक्षा किती तरी बरं. आणि वाकळ! जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर धावदोऱ्याचे बारीक टाके. गादीखाली घालून आपण ती लपवतो आणि वर वाघ छापलेलं पॉलिस्टरचं ब्लँकेट पसरतो. दिवाणावर वरच वाकळ टाका. अट एकच, बाकीच्या खोलीनं तिच्याशी भांडता कामा नये.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. आपल्याला पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा उजेड आवडतो, आणि त्याला कारण आहे. ज्यांनी चिमणीच्या उजेडात अभ्यास केला, ज्यांनी भारनियमनाची वर्षं काढली, त्यांना लख्ख ट्यूबलाइट म्हणजे सुबत्ता वाटणारच. त्या आवडीला हसू नये. पण रात्री नऊ वाजता जेवताना, गप्पा मारताना ६५०० केल्विनचा निळसर उजेड कुणाच्याच चेहऱ्याला न्याय देत नाही. भाकरीसुद्धा आजारी दिसते. तोच नऊ वॉटचा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा, पिवळसर उजेडाचा घेतला तर किंमत जवळपास तेवढीच. पांढरा उजेड ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर, पिवळा बसायच्या जागी, आणि तोही छताच्या मधोमध न लावता कोपऱ्यात, डोक्याच्या उंचीवर. असे दोन-तीन बल्ब पुरेत. छतातल्या रंगीत पट्ट्यांसाठी दिलेल्या पैशात असे कित्येक बल्ब आले असते.

आता कूलर. मराठवाड्याच्या घरसजावटीवर लिहायचं आणि कूलरचं नाव काढायचं नाही, हे मला ढोंग वाटतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर चांगलं काम करतो, एसीच्या बिलापुढे तो गरिबाचा मित्र आहे, यात वाद नाही. पण तो मार्चमध्ये खिडकीत बसतो आणि पुढच्या मार्चपर्यंत तिथेच राहतो. घरातली सगळ्यात मोठी खिडकी वर्षभर पत्र्याच्या खोक्यानं बुजलेली, आणि मग 'घरात उदास वाटतं' म्हणून भिंतीला गुलाबी रंग. जूनच्या पहिल्या पावसानंतर कूलर काढून गच्चीवर किंवा जिन्याखाली ठेवला, तर ही सजावट फुकटात होते. आठ महिने घरात खराखुरा उजेड येतो. पश्चिमेच्या खिडकीला मात्र बाहेरून आडोसा हवा: बांबूची चटई, वाळ्याचा पडदा, नाहीतर नुसतं जाड सुती कापड. पडदा खिडकीच्या आत लावला तर ऊन आधीच काचेतून आत आलेलं असतं. पडद्यांसाठी पॉलिस्टरच्या चकचकीत कापडापेक्षा जाडसर खादी किंवा मांजरपाट बरा. धुळीच्या प्रदेशात जे धुता येतं तेच टिकतं. नांदेडची खादी ग्रामोद्योग समिती तिरंग्यासाठी खादी पुरवते, पण नांदेडच्या किती घरांच्या खिडक्यांना खादी आहे, हा प्रश्न मी नांदेडकरांवर सोडतो.

कुंड्यांबाबतही जपून बोलावं लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या शहरानं रांगेत घागरी लावल्या, तिथल्या माणसाला 'घरात हिरवळ आणा' असा सल्ला देणं म्हणजे जखमेवर मीठ. पण पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, यांवर दोन-तीन चिवट झाडं जगतात. कोरफड आणि सर्पपर्णी (स्नेक प्लांट) यांना आठवडाभर विसरलं तरी ती तक्रार करत नाहीत. ओळीनं पंधरा कुंड्या नकोतच. धूळ खाणारी प्लास्टिकची फुलं तर त्याहून नकोत.

अर्थशास्त्राचा एक आक्षेप असा घेतला जातो: लोकांनी पीओपी, लॅमिनेट, मॉड्युलर किचन करायचं सोडलं तर सुतार, रंगारी, फिटिंगवाले यांच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप हलका नाही. दुष्काळानं शेती सोडलेल्या किती तरी पोरांनी याच कामात हात बसवला आहे. पण मॉड्युलर किचनच्या खर्चात सुताराच्या वाट्याला मजुरीचा किती हिस्सा येतो आणि कारखान्यातून आलेल्या भुशाच्या पाट्यांचा किती, हे एकदा बिल उलगडून बघावं. बोअरच्या जड पाण्याच्या शिंतोड्यांनी त्या पाट्या चार-पाच वर्षांत फुगतात आणि फेकाव्या लागतात. तेवढ्या पैशात सुताराकडून जुन्या दारांच्या लाकडाचं फडताळ करून घेतलं, गवंड्याकडून शहाबादी फरशीचे थर बसवून मांडणी करून घेतली, तर हातांना काम जास्त मिळतं आणि वस्तू नातवापर्यंत जाते. हिमरूचे माग आज बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्या विणकरांच्या पोटाचा प्रश्न मॉड्युलर किचनची बाजू घेणाऱ्यांना का पडत नाही?

भाड्यानं राहणाऱ्यांचं काय, असंही विचारलं जातं. लातूरला क्लाससाठी आलेल्या पोरांच्या खोलीत भिंतीला खिळा मारायची परवानगी नसते. तिथे माझं म्हणणं उलट जास्तच लागू पडतं. पिवळसर दिवा, खाटेवरची वाकळ, या गोष्टी खोली सोडताना पिशवीत घालून नेता येतात.

मध्यमवर्गात अलीकडे आलेली एक शिकवण मात्र मला पीओपीइतकीच परकी वाटते: भिंतीवर काही नको, सगळं राखाडी आणि बदामी, देवांचे-माणसांचे फोटो काढून टाका. ही अभिरुची कमी खर्चाची म्हणून विकली जाते, पण तीही पाहुण्यांसाठीच आहे, फक्त पाहुणे परदेशातले. आपल्या घरातल्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते, गेलेल्या आजोबांचा फोटो असतो, विठोबा असतो, मक्का-मदिनेचं चित्र असतं. ती काढण्याचं काही कारण नाही. त्या तसबिरींची मांडणी मात्र नीट करता येते. छताला टेकलेल्या, पुढे कललेल्या, धागे लोंबणाऱ्या दहा तसबिरी चार भिंतींवर विखुरण्याऐवजी एकाच भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला, एकसारख्या चौकटींत जवळ जवळ लावल्या, तर त्या घराला इतिहास आहे हे आत येणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. उरलेल्या तीन भिंती मोकळ्या राहतात. जुन्या घरात हेच काम देवळी करायची: भिंतीतच एक कोनाडा, त्यात एक दिवा. दुसरं काही मावतच नव्हतं, म्हणून दुसरं काही ठेवलं जात नव्हतं.

घरकुलाच्या योजनेत घर शक्यतो बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या जोडनावावर मंजूर होतं. अनुदान हप्त्याहप्त्यानं, काम पुढे सरकेल तसं येतं, म्हणजे स्लॅब पडायच्या आधी प्रश्न विचारायला वेळ असतो. ओट्याची उंची किती, त्याच्यावर दिवा कुठे, पश्चिमेला खिडकी हवी की नको, देवळी कुठल्या भिंतीत, हे त्याच वेळी ठरतं, आणि यातल्या एकाही गोष्टीला जास्तीचे पैसे लागत नाहीत. गवंडी हे प्रश्न घरमालकाला विचारतो, तोही बहुधा चहा पिताना, घाईत. कागदावर घर जिच्या नावाचं आहे, ती त्या वेळी आत चहा करत असते.